पाड्यावरचा संशोधनगट: नाशिकच्या पश्चिम तालुक्यांत पाण्याची मोजणी गावाच्या हाती कशी द्यावी

निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांत आज हवामान केंद्रे, माती-पाण्याचे तपासणी अहवाल आणि पगारी सल्लागार या नेहमीच्या गोष्टी झाल्या आहेत. त्याच नाशिक जिल्ह्यात पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पाऊस कितीतरी अधिक पडतो, तो नार, पार, दमणगंगा या नद्यांतून गुजरातकडे निघून जातो आणि होळीच्या सुमारास अनेक पाड्यांवर बायकांना झऱ्याकाठी हंड्यांची रांग लावावी लागते. या भागाचा अभ्यास होत नाही असे मुळीच नाही. सर्वेक्षणाची पथके येतात, विद्यार्थी प्रबंधासाठी येतात, संस्था अहवाल तयार करतात. मात्र हे सारे आकडे गावाबाहेर जातात, आणि सरपंचाने ‘मागच्या मे महिन्यात झऱ्याला किती पाणी होते?’ असे विचारले तर गावात कोणाकडेही लिहिलेले उत्तर नसते.

ही स्थिती बदलण्यासाठी पाड्यावरच चार ते सहा जणांचा संशोधनगट कसा उभारावा, याची रीत येथे क्रमाने दिली आहे. उदाहरण पाण्याचे घेतले आहे, कारण त्याची मोजणी स्वस्त आहे, एका वर्षात काहीतरी हाती लागते आणि निष्कर्षाची गरज गावातल्या प्रत्येकाला असते. पाऊस १ जून ते ३१ मे या जलवर्षात मोजायचा असल्याने तयारी एप्रिलपासून करावी.

पहिली पायरी: मोजता येईल असा प्रश्न

पहिल्या बैठकीत साधने, मोबाइल ॲप किंवा निधी यांची चर्चा करू नये. बैठक पाणी भरणाऱ्या बायकांना जमेल अशा वेळी, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर, ठेवावी, आणि प्रश्न त्यांच्या तोंडून येऊ द्यावा. ‘आपल्याकडे पाणीटंचाई का आहे?’ हा प्रश्न खरा असला तरी त्याला मोजणीने उत्तर देता येत नाही. ‘वरच्या झऱ्याचे पाणी कोणत्या पंधरवड्यात आपल्या गरजेपेक्षा कमी होते, आणि रात्री वाहून जाणारे पाणी साठवले तर ती तारीख किती पुढे ढकलता येईल?’ हा प्रश्न मात्र मोजता येतो. प्रश्न निवडताना तीन कसोट्या लावाव्यात: उत्तर मिळाल्यावर गाव कोणता निर्णय वेगळा घेईल, हाताशी असलेल्या साधनांनी ते मोजता येईल का, आणि एका वर्षात काही उत्तर दिसेल का. पहिल्या कसोटीला न उतरणारा प्रश्न कितीही रंजक असला तरी बाजूला ठेवावा.

याच बैठकीत जुन्या माणसांचे आणि विहिरी खोदणाऱ्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. मुरूम किती हातांवर संपला, मांजऱ्या दगड कुठे लागला, काळा पाषाण कुठून सुरू झाला, मध्ये गेरूसारखा तांबडा थर आला का, हे त्यांना नेमके ठाऊक असते. बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाच्या, प्रदेशात भूजल याच थरांच्या फटींत आणि झिजलेल्या भागात साठते. उताराच्या जमिनीवर हे थर उथळ असल्याने ते लवकर भरतात आणि लवकर रितेही होतात. मुबलक पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी आटण्याचे एक मोठे कारण हेच आहे. जाणत्यांची ही माहिती नोंदवहीत ‘अंदाज’ या मथळ्याखाली, सांगणाऱ्याच्या परवानगीने त्याच्या नावासह लिहावी. वर्षअखेरीस त्यातले काय मोजणीत टिकले हे पाहता येते, आणि पुष्कळदा बरेच काही टिकते.

दुसरी पायरी: माणसे

गट निवडताना शिक्षणापेक्षा घरी कोण राहते हे आधी पाहावे. दिवाळीनंतर या भागातली अनेक कुटुंबे द्राक्षबागांत आणि इतरत्र मजुरीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. झऱ्याच्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या असतात तेव्हाच, म्हणजे जानेवारी ते मे या काळात, गावातले तरुण हात बाहेर असतात. म्हणून प्रत्येक मोजणीला जोडी नेमावी आणि जोडीतला किमान एक जण हंगामी स्थलांतर न करणारा असावा. म्हातारी आजी आणि नववीतली नात ही जोडी चांगली चालते, कारण एकीला झरा ठाऊक असतो आणि दुसरीला दशांश चिन्ह. आशा आणि अंगणवाडीताई यांच्यावर आधीच नोंदवह्यांचे ओझे असते, त्यामुळे त्यांना सल्ल्यासाठी बोलवावे, मोजणीसाठी नव्हे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि जलजीवन मिशनमध्ये पाणीतपासणीचे संच वापरण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या महिला गावात असतील, तर त्यांना मात्र गटात जरूर घ्यावे.

कमी शिकलेल्या माणसाकडून शास्त्रीय मोजणी होत नाही हा समज महाराष्ट्रातच खोटा ठरला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बाळांचा न्युमोनिया ओळखण्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन तयार केले होते: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, म्हणजे मोठे आकडे न येणाऱ्या दाईलाही श्वासाचा वेग कळतो. पुढे गावातल्याच प्रशिक्षित महिलांनी घरोघरी केलेल्या नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साधन माणसाच्या हाताला बसेल असे घडवले की मोजणी होते, हा धडा पाण्यालाही लागू आहे.

मोजणाऱ्यांना मानधन द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली आणि वेळेवर मिळणारी असावी. मजुरी बुडवून केलेले सेवाकार्य एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसाचा (या क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा) पाच टक्के अबंध, म्हणजे ग्रामसभेने खर्च ठरवायचा, निधी मिळतो. हा खर्च त्यातल्या मान्य बाबींत बसतो का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी विचारावे आणि मग ग्रामसभेचा ठराव करावा.

तिसरी पायरी: तीन साधने

पर्जन्यमापक विकत घेता येतो, पण पहिल्या वर्षी तो गावात तयार करावा असे माझे मत आहे, कारण तो बनवताना मिलिमीटर म्हणजे काय हे कायमचे समजते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते, एवढे एक सूत्र पुरेसे आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास १६ सेंटिमीटर असेल, तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे जमा झालेले दर २० मिलिलिटर पाणी हे एक मिलिमीटर पावसाइतके असते. खाली पाच लिटरचा तेलाचा धुतलेला कॅन ठेवला तर त्यात जवळपास २५० मिलिमीटर पाऊस मावतो. घाटमाथ्यावर एका दिवसात २०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होऊ शकतो, म्हणून लहान बाटलीचा मापक येथे उपयोगाचा नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी संध्याकाळीही पाणी मोजून, लिहून, कॅन रिकामा करावा आणि दोन्ही आकड्यांची बेरीज घ्यावी. थेंब उसळून बाहेर जाऊ नयेत म्हणून नरसाळ्यावर पीव्हीसी पाइपची उभी कड बसवावी. मात्र पाइपवर छापलेले माप बाहेरच्या व्यासाचे असते, आणि हिशोबाला आतला व्यास लागतो. दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबू नये, पट्टीने स्वतः मोजावे.

मापकाची कड समपातळीत आणि जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच असावी, आणि जवळच्या घराच्या किंवा झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडून तो बसवावा. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. भारतीय हवामान विभागाची वेळ हीच आहे, आणि ५ जुलैला सकाळी मोजलेला पाऊस ५ जुलैच्याच नावे लिहिला जातो. ही पद्धत पाळली तरच आपला आकडा महसूल मंडळातल्या ‘महावेध’ या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. डोंगराळ भागात एका मंडळातल्या दोन गावांत पाऊस बराच वेगळा पडू शकतो, त्यामुळे ही तुलना पुढे फार कामाची ठरते.

विहिरीसाठी वजन बांधलेली मोजपट्टी घ्यावी. कठड्यावर एकच जागा ठरवून तिथे ऑइलपेंटने बाण काढावा आणि प्रत्येक वेळी तिथूनच मोजावे. बाणापासून पाण्यापर्यंतच्या अंतरातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची पातळी मिळते. वेळ पहाटेची, पहिला हंडा पडण्याआधीची असावी. विहिरीवर मोटर असेल तर आदल्या संध्याकाळपासून ती बंद होती की नाही, हेही लिहावे. पावसाळ्यात आठवड्याला आणि एरवी दर महिन्याच्या १ व १६ तारखेला मोजणी पुरते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. आपल्या तारखांत हे चारही महिने येतात, म्हणून तुलना सोपी होते.

झऱ्याला सर्वांत कमी साहित्य लागते: दहा लिटरची बादली, पाणी एका धारेत आणणारा पाइपचा तुकडा किंवा पन्हळ, आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. बादली तीनदा भरून तिन्ही वेळा सेकंद लिहावेत आणि मधला आकडा धरावा. बादली खरोखर दहा लिटरचीच आहे का, हे लिटरच्या मापाने एकदा तपासून दहा लिटरवर खूण करून घ्यावी.

चौथी पायरी: नोंदवही

सारे संशोधन या एका वहीवर उभे राहते, म्हणून हिच्याबाबत हट्टी असावे. वही जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक घातलेली, आणि लेखन बॉलपेनने. पेन्सिल आणि खोडरबर गटात ठेवूच नयेत. चूक झाली तर एका रेघेने खोडावे, जेणेकरून जुना आकडा वाचता येईल, शेजारी नवा आकडा लिहावा आणि सही करावी. शाळेने आपल्याला स्वच्छ वहीची सवय लावली आहे, परंतु येथे खाडाखोड दिसणारी वहीच अधिक विश्वासार्ह असते. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, मोजणाऱ्याचे नाव, मूळ वाचन आणि शेरा असावा. मूळ वाचन म्हणजे मिलिलिटर, सेकंद किंवा पट्टीवरचा आकडा. मिलिमीटर किंवा लिटर हा हिशोब वेगळ्या रकान्यात करावा, कारण हिशोब चुकला तर मूळ वाचनावरून तो पुन्हा करता येतो.

सर्वाधिक गोंधळ शून्यावरून होतो. पाऊस पडला नाही हे पाहून लिहिलेले ‘०’, कोणी गेलेच नाही म्हणून आडवी रेघ ‘—’, आणि विहीर आटलेली असेल तर ‘कोरडी’ हा शब्द, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीच्या रकान्यात ० लिहिले तर त्याचा अर्थ पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत वर आले असा होतो, म्हणजे वस्तुस्थितीच्या अगदी उलट. चुकलेल्या दिवसाचा आकडा अंदाजाने भरणाऱ्याला रागावू नये, परंतु रेघ लिहिणाऱ्याचे सर्वांसमोर कौतुक करावे. रेघ लिहिण्याची भीती गेली की अर्धी खोटी नोंद थांबते.

दर महिनाअखेरीस पानांचे फोटो काढून दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवावेत. इंटरनेटशिवाय चालणारे आणि मराठी प्रश्नावली घेणारे ‘कोबोटूलबॉक्स’सारखे मोफत साधन उपलब्ध आहे, पण ते दुसऱ्या वर्षी आणावे. सुरुवातीलाच फोनवर आकडे भरले की ते सर्व्हरवर जातात आणि मोजणाऱ्याला स्वतःची मागची दहा वाचने एका नजरेत दिसत नाहीत.

पाचवी पायरी: पडताळणी

साधारण दहा वाचनांपैकी एक वाचन त्याच दिवशी दुसऱ्या जोडीने, पहिल्याचा आकडा न पाहता, पुन्हा घ्यावे. विहिरीत दोन सेंटिमीटरपर्यंतचा आणि बादलीच्या वेळेत एखाद-दोन सेकंदांचा फरक चालतो. त्याहून मोठा फरक आला तर दोन्ही जोड्यांनी एकत्र जाऊन तिसऱ्यांदा मोजावे आणि कारण शेऱ्यात लिहावे. कारण बहुधा साधे निघते: पट्टी तिरकी गेली, बाणाऐवजी दुसऱ्या दगडावरून मोजले, किंवा पन्हळीखालून पाणी झिरपत होते. पहिल्या दोन महिन्यांत असे फरक वारंवार येतात आणि शिकणे नेमके त्याच वेळी होते, म्हणून या काळात मार्गदर्शकाने गावात अधिक वेळ द्यावा.

सहावी पायरी: आकडे वाचायला शिकणे

बहुतेक उपक्रम येथेच गावाच्या हातून निसटतात. मोजणी पाड्यावर होते, वही शहरात जाते आणि आलेख तिकडे निघतो. आलेख पाड्यावरच, आलेखकागदावर, हाताने काढला पाहिजे. तो शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर लावून दर महिन्याला पुढे न्यावा: पावसाचे उभे स्तंभ वर आणि विहिरीची रेषा खाली. भिंतीवरच्या रेषेबद्दल लोक वाद घालू लागले की काम मार्गी लागले असे समजावे.

झऱ्याचा हिशोब नमुन्यादाखल करून पाहू. समजा, पाड्यावर १८० माणसे आहेत. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले तर गरज ९,९०० लिटर होते. चोवीस तासांचे सगळे पाणी साठवता आले, तर त्यासाठी मिनिटाला सुमारे ७ लिटर धार पुरते, म्हणजे दहा लिटरची बादली ८७ सेकंदांत भरली पाहिजे. साठवण टाकी नसेल आणि लोक पहाटे पाच ते रात्री नऊ असे सोळा तासच पाणी भरत असतील, तर मिनिटाला सव्वादहा लिटरहून थोडी अधिक धार लागते, म्हणजे बादली ५८ सेकंदांत भरायला हवी. आता पाड्याला दोनच आकडे लक्षात ठेवायचे आहेत: ५८ आणि ८७. बादलीला ५८ सेकंद लागले ती तारीख आणि ८७ लागले ती तारीख यांमधल्या दिवसांइतकी टंचाई टाकी बांधल्याने पुढे ढकलली जाते. मे महिन्यात बादलीला १५० सेकंद लागू लागले, तर मिनिटाला ४ लिटर, दिवसाला ५,७६० लिटर पाणी मिळते. टाकी नसताना त्यातले ३,८४० लिटर, माणशी २१ लिटर, हाती लागते, तर टाकी असताना माणशी ३२. उरलेल्या ४,१४० लिटरांची तूट टाकीने भरून निघत नाही, तिच्यासाठी दुसरा उपाय शोधावा लागेल, हेही या हिशोबातून दिसते.

विहिरींच्या बाबतीत एक सापळा फार मोठा आहे. बंधारा बांधला, पुढच्या जानेवारीत शेजारच्या विहिरीचे पाणी ६.२ मीटरवरून ४.८ मीटरवर आले, म्हणून १.४ मीटरचे श्रेय बंधाऱ्याला देऊन फलक लावला जातो. पण पाऊसच चांगला झाला असेल तर? म्हणून सुरुवातीपासून एक तुलनेची विहीर मोजावी: साधारण त्याच उंचीवरची, तशाच दगडातली, पण बंधाऱ्याचा परिणाम न पोहोचणारी, शक्यतो टेकडीच्या पलीकडची. समजा, तिचे पाणी त्याच काळात ७.० वरून ५.९ मीटरवर आले, तर १.१ मीटर वाढ पावसाचीच होती आणि बंधाऱ्याच्या वाट्याला फार तर ०.३ मीटर उरते. तेवढ्या फरकावर एका वर्षात ठाम विधान करू नये, आणखी दोन-तीन वर्षे दोन्ही विहिरी मोजाव्यात. ही सवय ज्या गटाला लागली तो गट संशोधन करू लागला असे मी मानतो. नुसती मोजणी तोवर हजेरीपत्रकासारखी असते.

सातवी पायरी: ग्रामसभेत मांडणी

वर्षाचे निष्कर्ष एका पानावर लिहावेत: प्रश्न, मोजणीची पद्धत दोन ओळींत, एक आलेख, निष्कर्ष, आणि काय समजले नाही ते. मांडणी मोजणाऱ्यांनीच करावी आणि त्यांच्या रोजच्या बोलीत करावी. लेखी पान प्रमाण मराठीत असले म्हणून कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या बाईने सभेत पुस्तकी भाषा वापरावी असा आग्रह धरू नये. ठराव नेमका मागावा. ‘पाणीप्रश्न सोडवावा’ असे मोघम न लिहिता ‘वरच्या झऱ्याखाली रात्रीचे पाणी साठवण्यासाठी टाकी बांधावी, सोबत १ जून ते ३१ मेच्या नोंदी जोडल्या आहेत’ असे लिहावे आणि ठरावाची प्रत घ्यावी.

आठवी पायरी: बाहेरच्या संस्थांशी नाते

नाशिकजवळ मदत करू शकणाऱ्या संस्था कमी नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय, शहरातली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात मेरी, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे इगतपुरीचे संशोधन केंद्र, आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतले भूगोल व विज्ञानाचे विभाग. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने ‘आम्हाला शिकवा’ म्हणत जाण्यापेक्षा सहा महिन्यांची वही घेऊन जावे आणि एक नेमकी शंका विचारावी. प्रतिसादात पडणारा फरक ठळक असतो.

बाहेरच्या अभ्यासकाला आकडे देण्याआधी मराठीत एक पानाचा करार करावा. मूळ वही गावात राहील, प्रत दिली जाईल, निष्कर्ष छापण्याआधी गावाला समजावून सांगितले जातील, मोजणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने लेखात येतील, आणि एका प्रयोजनासाठी दिलेले आकडे दुसऱ्यासाठी विचारल्याशिवाय वापरले जाणार नाहीत, एवढे मुद्दे पुरतात. वनस्पती आणि औषधी माहितीबाबत अधिक सावध राहावे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे, त्यामुळे अशी मागणी आल्यास ती समितीपुढे न्यावी. दुर्मीळ कंदाची किंवा झाडाची नेमकी जागा कोणत्याही सार्वजनिक कागदावर लिहू नये.

नववी पायरी: दुसरा प्रश्न

पहिल्या वर्षाची वही पूर्ण झाल्यावर पाण्याची मोजणी नव्या जोड्यांकडे सोपवावी आणि जुन्या जोड्यांनी दुसरा प्रश्न हाती घ्यावा. या भागात नागलीचा, म्हणजे नाचणीचा, प्रश्न सोयीचा आहे: राब भाजून (जागेवर फांद्या-पाला जाळून) केलेल्या रोपांचे उत्पन्न आणि गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) केलेल्या रोपांचे उत्पन्न यांत फरक पडतो का? चार-पाच शेतकऱ्यांनी आपापल्या शेताचा एक तुकडा दोन सारख्या भागांत विभागावा आणि कोणत्या भागात कोणती रोपे लावायची हे नाणे उडवून ठरवावे, नाहीतर आवडत्या पद्धतीला नकळत चांगली जमीन मिळते. लावणीची तारीख, अंतर आणि खत दोन्हीकडे एकच ठेवावे. कापणीच्या वेळी प्रत्येक भागात तीन ठिकाणी दोन मीटर लांब-रुंद चौकट टाकून आतली कणसे वेगळी कापावी, वाळवावी, मळावी आणि दाणे ग्रॅममध्ये तोलावे. एका चौकटीतल्या ग्रॅमना अडीचने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. शेतकऱ्यागणिक दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि सरासरी काढण्याआधी पाचपैकी किती शेतांत फरक एकाच दिशेने गेला हे पाहावे. राबासाठी तोडलेल्या फांद्या आणि गादीवाफ्यासाठी लागलेली मजुरी यांची नोंदही याच वहीत, त्याच बॉलपेनने करावी, कारण उत्पन्न सारखेच आले तर निवड याच दोन रकान्यांवरून ठरेल.